११ वर्षांचा गेमिंग संगणक : कुठला पार्ट घ्यायचा, कुठला नाही

पार्श्वभूमी

संगणक २०१४ च्या अखेरीस जुळवलेला. प्रोसेसर इंटेल कोअर आय५-४५९०, एच९७ चिपसेटचा मदरबोर्ड, ८ जीबी डीडीआर३ रॅम (४-४ च्या दोन पट्ट्या), एनव्हिडियाचं जीटीएक्स ९७० कार्ड, ५०० वॅटचा एसएमपीएस (सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा), एक छोटी एसएसडी आणि १ टीबीची हार्ड डिस्क. त्या काळी हा मधल्या फळीतला दणकट संच होता. मालकाने तो विद्यार्थी असताना पै-पै साठवून घेतला होता. आता तो नोकरी करतो, पण घरची जबाबदारीही अंगावर आहे. थोडक्यात, नवा संगणक घेण्याची ऐपत आहे आणि नाहीही.

२०२५ च्या उत्तरार्धात त्याने मला विचारलं तेव्हा प्रश्न सरळ होता : "दादा, जुनं पण चांगलं ग्राफिक्स कार्ड कुठलं घेऊ?" मी उलट विचारलं, कार्ड गेलंय हे कशावरून. तो म्हणाला, "गेम चालू केला की संगणक बंद पडतो. एरवी सगळं छान चालतं. मग कार्डच ना?"

मालकाची आणि इतर सगळ्यांची ओळख पटेल असे तपशील इथे काढून टाकले आहेत.

अडचण

खरं तर अडचणी दोन होत्या, आणि मालकाच्या डोक्यात त्यांची एकच झाली होती.

पहिली : गेम खेळताना संगणक धाडकन बंद. निळा पडदा नाही, काही संदेश नाही. वीज गेल्यासारखा काळोख आणि मग आपोआप पुन्हा सुरू. विंडोजच्या नोंदवहीत दर वेळी 'कर्नल-पॉवर ४१'. ही नोंद पाहून बरेच जण हुरळतात, पण तिचा अर्थ इतकाच की संगणक नीट शटडाउन न होता बंद पडला. का पडला, ते ती सांगत नाही.

दुसरी : नवे गेम अडखळत चालणं. सरासरी फ्रेमरेट (सेकंदाला दिसणारी चित्रं) बरा, पण मध्येच हिसका बसायचा, विशेषतः गर्दीच्या दृश्यात. हे आज-काल सुरू झालेलं नव्हतं, दोनेक वर्षांपासूनचं होतं.

शिवाय मागे घड्याळ टिकटिकत होतं. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ च्या अधिकृत यादीत इंटेलच्या आठव्या पिढीपासूनचे प्रोसेसर आहेत, हा चौथ्या पिढीचा. आणि जीटीएक्स ९७० ज्या मॅक्सवेल घराण्यातलं, त्याला ऑक्टोबर २०२५ नंतर नव्या गेमसाठीचे ड्रायव्हर मिळणं थांबलं, यापुढे फक्त सुरक्षेचे अपडेट. म्हणजे या यंत्रावर किती खर्च करावा, हा प्रश्न 'कुठलं कार्ड' या प्रश्नाच्या आधी येत होता.

निदान : पैसे न लागणाऱ्या चाचण्या आधी

आजार रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला, असं जुन्या संगणकाच्या बाबतीत फार वेळा होतं. त्यामुळे नवीन काहीही विकत घेण्याआधी फुकटात जे कळतं ते कळून घ्यायचं ठरलं.

आधी कॅबिनेट उघडून धूळ काढली, प्रोसेसरवरची वाळून खडखडीत झालेली थर्मल पेस्ट बदलली. तापमान उतरलं. बंद पडणं तसंच राहिलं.

मग एकेका भागावर वेगळा ताण. मेमटेस्ट८६ रात्रभर चालवला : रॅममध्ये एकही चूक नाही. प्राइम९५ ने फक्त प्रोसेसर तापवला : तासभर ठीक. फरमार्कने फक्त कार्डावर ताण दिला : काही मिनिटांत बंद. इथे मालकाचा चेहरा 'मी म्हणालो होतो ना' असा झाला. पण या निकालावरून कार्ड दोषी ठरत नाही. कार्डावर ताण आला की सगळ्यात जास्त वीज तेच मागतं, त्यामुळे संशय कार्डावर जितका तितकाच एसएमपीएसवरही जातो.

या दोघांना वेगळं करणारी एक साधी युक्ती आहे. आफ्टरबर्नरसारख्या सॉफ्टवेअरमध्ये कार्डाची वीजमर्यादा खाली ओढता येते. ती ७० टक्क्यांवर आणली, फ्रेमरेटलाही लगाम घातला. गेम चालला. संध्याकाळभर चालला. मर्यादा पुन्हा १०० टक्के केली की पुन्हा काळोख. कार्डाची मेमरी किंवा चिप बिघडली असती तर पडद्यावर ठिपके, रेघा, रंगांचा चिखल असं काहीतरी दिसण्याची शक्यता जास्त होती. तसं कधीच दिसलं नव्हतं.

मग मल्टिमीटर. एसएमपीएसच्या एका रिकाम्या चार पिनी मोलेक्स कनेक्टरमध्ये पिवळ्या आणि काळ्या वायरीवर टोकं लावली. डेस्कटॉपवर नुसता बसलेला असताना आकडा १२ च्या किंचित खाली. गेम सुरू केला, मेन्यूतून खेळात शिरलो, आणि आकडा घसरायला लागला : ११.६, ११.५, मग ११.३ आणि तिथेच काळोख. एटीएक्स मानकाप्रमाणे १२ व्होल्टच्या लाइनला ५ टक्के इकडे-तिकडे चालतं, म्हणजे ११.४ ही खालची हद्द. मल्टिमीटर सरासरी दाखवतो. क्षणभराचा खड्डा त्याहून खोल असणार, तो पाहायला ऑसिलोस्कोप लागतो आणि तो आमच्यापैकी कुणाकडे नव्हता.

५०० वॅटचा एसएमपीएस आणि मागणी किती? प्रोसेसरचं कागदावरचं मान ८४ वॅट, कार्डाचं १४५. बाकी सगळं धरूनही ३०० च्या आत. मग पुरत का नव्हतं? कारण लेबलवरचा आकडा नव्या एसएमपीएसचा असतो. आतले इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर उष्णतेने वर्षानुवर्षं वाळत जातात, त्यांचा अंतर्गत रोध वाढतो, आणि कार्डाने अचानक झटका मारून वीज मागितली की ती वेळेवर देणं त्यांना जमत नाही. सरासरी मागणी पुरी होते, झटका पुरा होत नाही. म्हणूनच गेममध्ये, जिथे मागणी सारखी वर-खाली होते, संगणक लवकर पडायचा.

शेवटचा पुरावा म्हणून मालकाने मित्राचा एसएमपीएस एका शनिवार-रविवारपुरता मागून आणला. जोडताना एक गोष्ट मी तिथे उभं राहून पाहिली : मागून आणलेल्या एसएमपीएसच्या स्वतःच्याच वायरी वापरल्या. मॉड्युलर, म्हणजे वायरी सुट्या होणाऱ्या, एसएमपीएसच्या वायरी संगणकाच्या बाजूला सारख्या असतात, पण एसएमपीएसच्या बाजूला पिनांची मांडणी कंपनीगणिक, कधी एकाच कंपनीत मॉडेलगणिकही बदलते. प्लग बसतो, आणि ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट जातात. डिस्क जळण्याचं हे हमखास कारण.

मागून आणलेल्या एसएमपीएसवर संगणक एकदाही बंद पडला नाही. कार्ड निर्दोष सुटलं.

पर्याय

दोषी सापडला तरी निर्णय सोपा झाला नाही. ११ वर्षांच्या यंत्रात नवा एसएमपीएस घालायचा का, हा प्रश्न रास्त होता.

सगळंच नवं घेणं हा पहिला पर्याय. मदरबोर्ड, प्रोसेसर आणि रॅम ही तिन्ही एकत्रच बदलावी लागतात, कारण डीडीआर३ पट्टी नव्या बोर्डात बसत नाही. त्यात २०२५ च्या अखेरीस रॅमच्या किमती चढू लागल्या होत्या, डीडीआर४ आणि डीडीआर५ दोन्हींच्या. वाट पाहणं परवडत असेल तर हा काळ खरेदीचा नव्हता.

दुसरा पर्याय मालकाला फार आवडला होता : कंपन्यांमधून निवृत्त झालेला आठव्या पिढीचा ऑफिस डेस्कटॉप घ्यायचा आणि त्यात कार्ड टाकायचं. कागदावर उत्तम. विंडोज ११ सुद्धा चालतं. पण अशा ब्रँडेड डेस्कटॉपमध्ये बऱ्याचदा मदरबोर्डला २४ पिनी कनेक्टर नसतो, कंपनीचा स्वतःचा वेगळाच असतो. एसएमपीएस छोटा, त्यातून कार्डासाठी वेगळी वीज निघत नाही. कॅबिनेट बारीक, लांब कार्ड मावत नाही. एक-एक अडचण सोडवत गेलं की स्वस्ताईचा मुद्दाच उरत नाही. मोठ्या कॅबिनेटचा, मानक कनेक्टरचा डेस्कटॉप मिळाला असता तर मी या पर्यायाच्या बाजूने बोललो असतो. मिळाला नाही.

तिसरा : फक्त एसएमपीएस बदलायचा आणि गप्प बसायचं. चौथा : एसएमपीएस बदलून मग टप्प्याटप्प्याने बाकीचं.

इथे निर्णयाला वळण दिलं ते एका साध्या वाटणीने. आम्ही कागदावर दोन रकाने केले. एका रकान्यात जे पार्ट पुढच्या संगणकात बरोबर जातील : एसएमपीएस, एसएसडी, कॅबिनेट, पंखे, ग्राफिक्स कार्ड. दुसऱ्यात जे या यंत्राबरोबरच संपतील : एलजीए ११५० सॉकेटचा प्रोसेसर, डीडीआर३ रॅम, मदरबोर्ड. पहिल्या रकान्यात हात थोडा सैल सोडायचा, शक्यतो नवं घ्यायचं. दुसऱ्यात फक्त सेकंडहँड, आणि तेही इतकं स्वस्त की उद्या बोर्ड मेला तर हळहळ वाटू नये. या नियमात बसला तो चौथा पर्याय.

जुना बोर्डच गेला तर काय, हाही विचार झाला. एलजीए ११५० चे सुस्थितीतले बोर्ड दिवसेंदिवस दुर्मिळ होत चाललेत आणि त्याच पिढीच्या प्रोसेसरपेक्षा महाग पडतात. कारण उघड आहे : प्रोसेसर सहसा मरत नाही, बोर्ड मरतो. म्हणून ठरलं की बोर्ड गेला तर त्याच्या जागी तसाच दुसरा शोधायचा नाही, त्या दिवशी हे सॉकेट सोडायचं. हे आधीच ठरवल्याचा फायदा असा की ऐन वेळी घाबरून खरेदी होत नाही.

प्रत्यक्ष काय केलं

*एसएमपीएस.* नवाच घेतला, ५५० वॅटचा. सेकंडहँड एसएमपीएस मी कुणालाच सुचवत नाही, कारण आतले कपॅसिटर किती थकलेत हे बाहेरून कळत नाही आणि तो उघडून बघणं जिवावरचं आहे, बंद केल्यावरही आत भार साठलेला असतो. निवडताना '८० प्लस'च्या रंगीत बिल्ल्यावर मालकाचा फार भर होता. तो बिल्ला फक्त कार्यक्षमतेचा : भिंतीतून घेतलेल्या विजेतली किती कामी येते एवढंच तो सांगतो. वीज किती स्वच्छ आहे, अतिभाराला आणि शॉर्टसर्किटला संरक्षण आहे का, हे वेगळं पाहावं लागतं. आम्ही वॉरंटीची वर्षं, १२ व्होल्टच्या लाइनची क्षमता आणि आत डीसी-डीसी रचना (१२ व्होल्टपासूनच बाकीचे व्होल्टेज बनवणारी) आहे का, एवढं पाहिलं. शेवटच्या मुद्द्याला इथे खास कारण होतं. इंटेलच्या चौथ्या पिढीचे, म्हणजे हॅसवेल, प्रोसेसर झोपेत इतकी कमी वीज ओढतात की काही जुन्या घडणीच्या एसएमपीएसना तेवढ्या कमी मागणीवर व्होल्टेज धरून ठेवता येत नाही. २०१३ मध्ये हे प्रोसेसर आले तेव्हा एसएमपीएसच्या खोक्यांवर 'हॅसवेल रेडी' छापायची लाट आली होती, ती यामुळेच.

सोबत बोर्डावरचं सीआर२०३२ बटण सेलही बदललं. संगणक चालू केला की तारीख मागे जायची, त्याचं कारण तेच होतं. सगळ्यात स्वस्त दुरुस्ती.

*रॅम.* इथे मालक फसला. एका विक्रेत्याकडे ८ जीबीची नवीकोरी डीडीआर३ पट्टी इतरांच्या निम्म्या भावात होती. ब्रँड अनोळखी. मागवली, लावली, पंखे फिरले, पडदा काळा. जाहिरात पुन्हा नीट वाचल्यावर खाली बारीक अक्षरात सापडलं : 'एएमडी बोर्डसाठी'. अशा पट्ट्यांवरच्या चिप्सची मांडणी काही जुन्या एएमडी प्रोसेसरना झेपते, इंटेलच्या मेमरी कंट्रोलरला नाही. पट्टी खराब नव्हती, या बोर्डासाठी निरुपयोगी होती. परत केली, पण जाण्या-येण्याचा खर्च अंगावर पडला. त्याच बाजारात सर्व्हरमधून निघालेल्या रजिस्टर्ड ईसीसी पट्ट्याही मातीमोल भावात दिसतात. त्या साध्या डेस्कटॉप बोर्डावर चालत नाहीत.

मग ओळखीच्या ब्रँडची, १६०० वेगाची, ८-८ जीबीची सेकंडहँड जोडी घेतली. जुन्या ४-४ च्या पट्ट्या काढून ठेवल्या. चार पट्ट्या लावून २४ जीबी करण्याचा मोह होता, पण वेगवेगळ्या वयाच्या पट्ट्या एकत्र केल्या की एखाद्या दिवशी विचित्र क्रॅश होतो आणि शोध पुन्हा शून्यापासून. मेमटेस्ट८६ पुन्हा रात्रभर. स्वच्छ.

*प्रोसेसर.* गेममधल्या हिसक्यांचं मूळ पाहायला गेम चालू ठेवून प्रत्येक कोअरचा वापर पडद्याच्या कोपऱ्यात लावला. चारही कोअर १०० टक्क्यांवर, कार्ड मात्र ६०-७० वर रेंगाळलेलं. म्हणजे कार्ड वाट पाहतंय आणि प्रोसेसर धापा टाकतोय. आय५-४५९० ला चार कोअर आणि चारच थ्रेड (एका वेळी हाताळता येणारी कामं). याच सॉकेटमध्ये बसणारे चार कोअर-आठ थ्रेडचे दोन उमेदवार होते : कोअर आय७-४७९० आणि झिऑन ई३-१२३१ व्ही३. नावात 'के' असलेला आय७-४७९०के सगळ्यांना हवा असतो म्हणून महाग, आणि एच९७ बोर्डावर ओव्हरक्लॉकिंग हा मुळात अधिकृत हेतूच नाही, मग त्यासाठी जादा पैसे कशाला?

आय७ आणि झिऑनमध्ये गेमच्या दृष्टीने फरक नगण्य. झिऑन स्वस्त, कारण नाव सर्व्हरचं आणि मागणी कमी. पण झिऑन ई३-१२३१ व्ही३ मध्ये अंगभूत ग्राफिक्स नाही. माझं मत आय७ च्या बाजूला पडलं : कार्ड उद्या बिघडलं तर अंगभूत ग्राफिक्सवर संगणक चालू होतो आणि दोष कार्डाचा आहे की बोर्डाचा, हे पाच मिनिटांत कळतं. मालकाने हिशेब केला आणि झिऑन घेतला. यंत्र त्याचं, पैसे त्याचे.

बसवण्याआधी बोर्डाच्या कंपनीच्या यादीत हा प्रोसेसर आहे का ते पाहिलं, आणि जुना प्रोसेसर असतानाच बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) अद्ययावत केला. हा क्रम उलटा झाला तर नवा प्रोसेसर बोर्ड ओळखत नाही आणि बायोस बदलायला जुनाच परत लावावा लागतो. या सॉकेटच्या पिना बोर्डावर असतात, प्रोसेसरवर नाही. एक वाकली तरी काम वाढतं. म्हणून प्रोसेसर वरून अलगद ठेवायचा, सरकवायचा नाही.

*एसएसडी.* विंडोज आणि गेम दोन्ही मावतील एवढी साधी साटा एसएसडी, नवी. जुन्या हार्ड डिस्कच्या स्मार्ट अहवालात (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) बदललेल्या सेक्टरांचा आकडा वाढत चालला होता. तिच्यावर आता फक्त फोटोंची दुसरी प्रत राहते, पहिली नाही.

*कार्ड.* सुरुवातीला जे घ्यायचं होतं ते सगळ्यात शेवटी आलं. आणि आता ते 'बरोबर जाणाऱ्या' रकान्यात होतं, त्यामुळे निकष बदलले. जीटीएक्स ९७० ची मेमरी ४ जीबी, त्यातलीही शेवटची अर्धी जीबी संथ गतीची, हे २०१५ च्या सुरुवातीलाच उघड झालं होतं. नव्या गेमना ती अपुरी पडते.

काही उमेदवार कागदावरच बाद झाले, हे बरं. आरएक्स ६५०० एक्सटीला फक्त चार पीसीआयई लेन (कार्ड आणि बोर्ड यांच्यातल्या डेटाच्या वाटा). पीसीआयईच्या चौथ्या पिढीच्या स्लॉटवर ते निभावून जातं, पण या बोर्डावर पीसीआयईची तिसरी पिढी, म्हणजे वेग अर्धा. मेमरी ४ जीबीच, ती भरली की त्याच अरुंद वाटेने ये-जा. इंटेलची आर्क कार्डं 'रिसायझेबल बार'शिवाय (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणाऱ्या सोयीशिवाय) नीट चालत नाहीत, आणि ती सोय या काळच्या बोर्डांवर अधिकृतपणे नाही. आरएक्स ५८० स्वस्त आणि ८ जीबी, पण वीज १८५ वॅट आणि '२०४८एसपी' या शेपटीची हलकी आवृत्ती तेच नाव लावून विकली जाते. उरलं आरएक्स ६६०० : ८ जीबी, १३२ वॅट, आठ लेन. तिसऱ्या पिढीच्या स्लॉटवर त्याचं थोडं नुकसान होतं, पण खेळताना जाणवावं इतकं नाही.

सेकंडहँड कार्ड म्हटलं की 'मायनिंगचं आहे का?' हा पहिला प्रश्न. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमने कार्डावरचं मायनिंग बंद केलं आणि तशी कार्डं ढिगाने बाजारात आली. माझ्या मते मायनिंगचं कार्ड म्हणजे आपोआप टाकाऊ असं नाही. एकसारख्या ताणाने चिपचं फारसं बिघडत नाही, झिजतात ते पंखे आणि थर्मल पॅड. कार्डातला बायोस मात्र बदललेला असू शकतो, तो तपासावा.

पहिल्या विक्रेत्याने आग्रह धरला, "एकदम मक्खन कार्ड आहे, चालवून कशाला बघताय?" मालक कार्ड हातात घेऊन उजेडाकडे गेला. मागच्या चार स्क्रूंपैकी दोनांच्या खाचा घासून चकचकीत झालेल्या. एका पंख्याचं पातं बोटाने हलकेच दाबलं तर ते आसावर डुललं. कडेला पॅडमधून झिरपलेल्या तेलाची पुसट रेघ. यातली एकेक खूण चालवून घेता आली असती. तिन्ही असताना विक्रेता चालवून दाखवत नाही, म्हटल्यावर मालक नमस्कार करून निघाला.

दुसऱ्याने स्वतःच्या संगणकावर लावून दिलं. जीपीयू-झेडमध्ये नाव, मेमरी, लेन पाहिल्या. हे सॉफ्टवेअर जुन्या चिपला नवं नाव चिकटवलेली खोटी कार्डंही बऱ्याचदा ओळखतं. मग अर्धा तास गेम, कानाला पंख्याचा आवाज, डोळे तापमानावर. सौदा झाला.

निकाल

एसएमपीएस बदलल्यापासून संगणक आपोआप बंद पडलेला नाही. हिसके सगळ्यात जास्त कमी झाले ते प्रोसेसर आणि रॅम बदलल्यावर. कार्ड बदलल्यावर चित्राचा दर्जा वाढवता आला, पण अडखळणं आधीच आटोक्यात आलं होतं. सुरुवातीला फक्त कार्ड घेतलं असतं, तर संगणक बंद पडत राहिला असता, हिसके तसेच राहिले असते, आणि मालकाने नव्या कार्डालाच खराब ठरवून परत पाठवलं असतं.

विंडोज १० साठी वैयक्तिक वापरकर्त्यांना मिळणारे वाढीव सुरक्षा अपडेट त्याने सुरू केले, ते १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहेत. त्यानंतर लिनक्स हा मार्ग त्याच्या एकट्याने खेळायच्या बहुतेक गेमना चालेल. व्हॅलोरंटसारख्या, चीट-रोधक पहारा असलेल्या ऑनलाइन गेमना नाही. हॅसवेलमध्ये एव्हीएक्स२ सूचना आहेत ही जमेची बाजू. त्याच्या आधीच्या पिढीत त्या नाहीत, आणि काही नवे गेम त्या नसल्या तर सुरूच होत नाहीत. याच मालकाकडे तिसऱ्या पिढीचा प्रोसेसर असता तर मी त्यात एसएमपीएस आणि एसएसडीपलीकडे काही घालू दिलं नसतं.

वेगळं काय करता आलं असतं

रॅमचा घोळ टाळता आला असता. भाव इतरांच्या निम्मा असेल तर जाहिरातीतला प्रत्येक शब्द वाचायचा, आणि पट्टीचा भागक्रमांक विचारून घ्यायचा. विक्रेता क्रमांक देत नसेल तर तिथेच थांबायचं.

कार्डाचा क्रम. मालकाने जीटीएक्स ९७० आधी विकून टाकलं, गिऱ्हाईक समोर उभं होतं म्हणून. मग आरएक्स ६६०० मिळेपर्यंत झिऑनचा संगणक आंधळा : चालू होतो, पण चित्र दाखवायला काही नाही. आय७ असता तर निदान ऑफिसचं काम आणि इंटरनेट चालू राहिलं असतं. मालक हे मान्य करत नाही. त्याचं म्हणणं, झिऑनमुळे वाचलेले पैसे मोठ्या एसएसडीत गेले, आणि चार दिवस गेम नाही खेळला तर कुणाचं काय बिघडतं. विकण्याची घाई केली ही चूक, प्रोसेसर नव्हे, असं तो ठणकावून सांगतो. त्याच्या बाजूत तथ्य आहे.

९७० विकायचंच होतं तर ते आणखी लवकर, ड्रायव्हरचा आधार संपल्याची बातमी सगळीकडे पसरण्याआधी विकता आलं असतं. पण तेव्हा ते खराब आहे असंच तो समजत होता, आणि खराब म्हणून विकलं असतं तर कवडीमोल गेलं असतं. निदानामुळे कार्डाची किंमत वाचली, हिशेबात हा भाग सहसा कुणी धरत नाही.

जुना एसएमपीएस मालकाने भंगारात किंवा कुणाला 'हलक्या कामासाठी' द्यायचं ठरवलं होतं. तो तसा देऊ नये, यावर मी अडून बसलो. त्यावर मार्करने 'खराब' लिहून, वायर कापून तो ई-कचरा संकलनात दिला. आय५ आणि ४-४ जीबीच्या पट्ट्या मात्र जपून ठेवल्या आहेत : पुढे या बोर्डावर काही अडलं, तर चालू असल्याची खात्री असलेले दोन सुटे पार्ट आणि आय५ मधलं अंगभूत ग्राफिक्स, तिन्ही एका पाकिटात तयार आहेत.